पोहणाऱ्यांची यादी

“तिला काय विचारायचं त्यात? वैनगंगेकाठची पोरगी ना ती? लिहून टाकतो मी.”

दोरीवर वाळत घातलेल्या शिडांच्या मागे मी उभी होते, त्यामुळे बोलणारं माणूस दिसलं नाही. पण आवाज कॅप्टनसाहेबांचा होता, आणि त्यावर खुशीत हसले ते माझे बाबा. शीड बाजूला सारून मी पुढे आले तोवर क्लबाचा फॉर्म भरूनही झाला होता. पोहता येतं की नाही, या प्रश्नापुढे कॅप्टनसाहेबांनी निळ्या शाईत ठळक ‘येस’ लिहिलं होतं आणि बाबा खाली सही करत होते.

मला पोहता येत नव्हतं.

बाबांना ते माहीत नव्हतं, असं आज कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. बाबा नदीवरच वाढलेले. दर उन्हाळ्यात ते आम्हाला नागपूरहून गावी पोचवत, परत फिरत आणि सुटी संपताना न्यायला येत. मधल्या महिन्यात माझी चुलत भावंडं दिवसातून दोनदा घाटावरून उड्या मारत आणि मी त्यांचे कपडे सांभाळत पायरीवर बसायची. मात्र घरी जाण्याआधी काठावरून तांब्याभर पाणी डोक्यावर ओतून घ्यायची, म्हणजे आत्या चिडवत नसे. बाबांनी मला पाहिलं ते नेहमी ओल्या केसांनी.

तेव्हाच बोलले असते तर अर्ध्या मिनिटात मिटलं असतं. पण मी एकोणीस वर्षांची होते, नन्सच्या शाळेत बारा वर्षं काढलेली, विचारल्याशिवाय न बोलणारी. आणि मला कुणी विचारलंच नव्हतं. कॅप्टनसाहेबांनी फॉर्म फाइलला लावला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “कॉन्व्हेंटची आहेस म्हणे? छान. मग आमच्या पत्रकाचं इंग्रजी सुधारेल.” मी मान हलवली. एवढंच.

क्लब म्हणजे हिंगण्याच्या रस्त्याकडच्या तलावाकाठी पत्र्याची एक लांब शेड आणि पुढे व्हरांडा. आत सात डिंघी, म्हणजे शिडाच्या लहान लाकडी होड्या, दोन माणसं बसतील एवढ्या. बहुतेक सभासदांनीच सुट्यांच्या दिवशी ठोकून बनवलेल्या. शिडं गांधीबागेतल्या एका मंडपवाल्याच्या शिंप्याने शिवून दिलेली. त्याने सवयीने एका शिडाला खाली झालर लावली होती, ती उसवावी लागली होती. समुद्र शेकडो किलोमीटरवर. कॅप्टनसाहेब आरमारातून निवृत्त होऊन गावी परतले आणि त्यांना पाण्यावाचून करमेना, म्हणून हे सगळं उभं राहिलं. सभासदांत दोन डॉक्टर, एक प्राध्यापक, हिंगण्याच्या कारखान्यांतले तीन-चार इंजिनिअर, सदरमधला एक चष्मेवाला. पहिली पाळी करून आलेले इंजिनिअर कंपनीच्या बसमधून थेट फाटकाशी उतरत आणि कपडे बदलून पाण्यात जात.

शेडच्या भिंतीवर दोन याद्या होत्या. डावीकडे पोहता येणाऱ्यांची, उजवीकडे न येणाऱ्यांची. क्लबाकडे लाइफ जॅकेटं चारच होती, सावरीचा कापूस भरलेली, नारिंगी, घामाने काळपट पडलेली. ती उजव्या यादीतल्यांना मिळत. डाव्या यादीतल्यांना जॅकेट नाही. उलट त्यांच्यावर एक काम. शर्यत असली की क्लबाच्या नावाड्याची, म्हणजे मामांची, सपाट तळाची नाव बाजूला तयार राही. मामा वल्ही मारत आणि पुढे डाव्या यादीतला एक जण बसे. कुठली डिंघी उलटली आणि कुणी अडचणीत आलं, तर त्याने उडी घ्यायची.

मामा भोई. त्या तलावात त्यांचा बाप मासे धरायचा. आधी वल्हीही तेच मारत आणि उडीही तेच घेत. पण त्यांना दमा जडला, क्लबातल्या डॉक्टरांनी पाण्यात उतरायची सक्त मनाई केली आणि तेव्हापासून ही पाळी लावायची पद्धत सुरू झाली.

माझं नाव डाव्या यादीत अकरावं होतं. माझ्या आधीचे दहाही पुरुष. मुलीला कुणी असलं काम देणार नाही, असा हिशेब मी मनाशी केला आणि गप्प राहिले.

हिवाळाभर मी इतरांच्या होडीत पुढच्या बाजूला बसले. वजनाने हलकी म्हणून मला मागणी होती. तेव्हा वारा इतका मंद असे की जड माणूस घेतला तर होडी हलत नसे. लोकांना वाटायचं मला ते आवडतं. मी मात्र प्रत्येक वेळी काठ किती लांब आहे ते मोजत असे. शिडाची दोरी मी हाताला दोन वेढे देऊन धरायची. कॅप्टनसाहेब काठावरून ओरडायचे, “दोरी गुंडाळू नकोस! होडी उलटली तर तुला खाली घेऊन जाईल!” मी वेढा काढायची आणि ते वळले की पुन्हा घालायची. हात मोकळा ठेवून बसणं मला जमतच नव्हतं.

पोहायला शिकता आलं असतं. शहरात पोहण्याचा तलाव होता, बायकांची वेळही होती. पण त्या वेळेला क्लबातल्या दोघींच्या मुली तिथे जात आणि मला कमरेएवढ्या पाण्यात दांड्याला धरून उभं राहिलेलं त्यांनी पाहिलं असतं. म्हणून मी लायब्ररीतून पोहण्याचं एक इंग्रजी पुस्तक आणलं, दाराला कडी लावली आणि पलंगावर पालथी पडून त्यातल्या चित्रांप्रमाणे हातपाय मारले. आठवडाभर. बादलीत तोंड घालून श्वासही रोखून पाहिला. अकरापर्यंत आकडे मोजले की छातीत काहीतरी धडपडायला लागे आणि मी डोकं वर काढायची.

मार्चच्या शेवटी कॅप्टनसाहेबांनी एप्रिलच्या पत्रकाचा मजकूर सांगायला घेतला. मी वहीत उतरवून घेत होते. नव्या डोलकाठीची बातमी, प्राध्यापकांच्या होडीला डांबर लावून झाल्याची बातमी. मग कार्यक्रम. पहिल्या रविवारी शर्यत. दुसऱ्या रविवारी एका शाळेची वीस लहान मुलं होडीत बसायला येणार.

“बचावाच्या नावेवर...” ते थांबले. “डॉक्टरीणबाई परवा भांडून राहिली होती माझ्याशी. म्हणे बायकांना नुसतं चहाच्या मागे उभं करता. बरोबर आहे तिचं. दोन्ही रविवारी तुझं नाव टाक.”

माझी पेन्सिल थांबली.

“काय झालं? परीक्षा आहे?”

“नाही,” मी म्हटलं.

परीक्षा आहे, असं तरी म्हणायचं. तेही सुचलं नाही. खोटं बोलायलासुद्धा तोंड उघडावं लागतं.

घरी बाबांच्या टाइपरायटरवर मी स्टेन्सिल, म्हणजे पत्रक छापायचा मेणकागद, कापायला बसले. बाकी सगळं नीट झालं. बचावाच्या नावेपुढे माझं नाव टाइप केलं, त्याकडे बघत राहिले आणि खोडायच्या लाल द्रवाचा ब्रश त्यावरून फिरवला. त्याचा नेलपॉलिशसारखा वास खोलीभर झाला. वाळेपर्यंत मी विचार करत होते, इथे कुणाचं नाव घालू? कुणाचंही घातलं तरी तो माणूस कॅप्टनसाहेबांना विचारणार. कॅप्टनसाहेब मला विचारणार. मग बाबांना कळणार, की गावच्या घाटावर दरवर्षी त्यांच्या मुलीने काय केलं. लाल ठिपका वाळला. मी त्यावर पुन्हा माझंच नाव टाइप केलं. खोडून पुन्हा ठोकल्यामुळे ती अक्षरं जरा जाड उमटली, आणि पत्रकाच्या प्रत्येक प्रतीत माझं नाव इतरांपेक्षा काळं दिसत होतं.

त्या आठवड्यात मला जेवण गेलं नाही. आईने उन्हाळ्यावर खापर फोडलं आणि पन्हं करून दिलं. मला सारखं वाटे, कुणीतरी बुडेल आणि ते माझ्या नावावर जाईल. मग वाटे, कशाला बुडेल? पाळी सुरू झाल्यापासून एकदाही कुणाला उडी घ्यावी लागली नव्हती. या दोन विचारांमध्ये मी रविवारपर्यंत येऊन पोचले.

शर्यत चारला होती. दुपारभर पानही हललं नव्हतं. मी मामांच्या नावेत पुढच्या फळीवर बसले. पाणी फळीपासून वीतभर खाली, हिरवं, तळ न दिसणारं. पश्चिमेला आभाळाची कड तपकिरी झालेली.

“बाई, हवा मले बरी नाई दिसून राहिली,” मामा म्हणाले.

“कॅप्टनसाहेबांना सांगू या?”

“सांगतलं. ते म्हनते, मामा, वारा नाही म्हनून सहा महिने रडतो, आता येऊन राहिला तर भेतो काहून?” ते हसले आणि खोकले. खोकला बराच वेळ चालला.

डॉक्टरीणबाई नवऱ्याबरोबर होडीत चढत होत्या. पोटावर नारिंगी जॅकेटाचे बंद कसेबसे पुरलेले. त्या उजव्या यादीतल्या. त्यांनी मला पाहून हात केला. “काय वं, आज तू आमची राखणदार! माझं वजन पाहून ठेव बरं, एका हाताने उचलायचं काम नाही हे!” सगळे हसले. डॉक्टर म्हणाले, “आधी मला उचल, पोरी. ही तरंगते. मीच बुडतो.” पुन्हा हशा. मीही हसले असणार.

निशाण खाली आलं आणि सात होड्या निघाल्या. पहिली फेरी संथ झाली. दुसऱ्या फेरीत पलीकडच्या काठावरची झाडं एकदम दिसेनाशी झाली. तिथून धुळीची भिंत पाण्यावर उतरली. वारा आला तो आधी अंगाला लागला, मग आवाज. दातांत रेती. काठावर शिट्टी वाजत होती, पण ती कुठल्या बाजूने येते आहे ते कळत नव्हतं. होड्या शिडं पाडत होत्या. त्यातल्या एकीने शीड पाडायला उशीर केला आणि ती आडवी झाली. शीड पाण्यावर पसरलं आणि होडीचा तळ एका बाजूने उघडा पडला.

मामांनी आठ-दहा वल्ह्यांत नाव तिथे नेली. डॉक्टर तळाला धरून होते, चष्मा गेलेला. ते बायकोला हाक मारत होते. त्या कुठेच नव्हत्या. आणि मग मला शीड दिसलं. पाण्यावर सपाट पसरलेल्या त्या कापडाच्या मधोमध एक उंचवटा होता आणि तो हलत होता. जॅकेट त्यांना वर ढकलत होतं आणि वरून ओलं कापड. खाली जाता येत नव्हतं, वर येता येत नव्हतं.

“बाई, उतरा! शीड उचला! मी नाव धरतो!”

मी उभी राहिले. एवढं मला आठवतं, की मी उभी राहिले, कारण पुढचं कुणी विचारलं तर मी निदान उभी राहिले होते असं मला स्वतःला सांगता येतं. शीड हातभर अंतरावर होतं. मधे ते हिरवं पाणी. मी पुन्हा फळीवर बसले. दोन्ही हातांनी फळी धरून.

“काहून थांबल्या? बाई!”

मी मागे वळून मामांकडे पाहिलं. हात फळीवरून सुटत नव्हते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, फार तर एक श्वासभर. मग त्यांच्या चेहऱ्यावरून आश्चर्य निघून गेलं.

“वल्हं धर, पोरी,” ते म्हणाले आणि पाण्यात गेले.

मी वल्हं धरलं. नाव गोल फिरायला लागली. मी वल्हं उलट मारलं, मग सुलट, कसंतरी तिला होडीच्या जवळ ठेवलं. मामांचं डोकं शिडाखाली गेलं. मी मोजत होते. सात. आठ. नऊ. कापड एका कोपऱ्याने उचललं गेलं आणि खालून डॉक्टरीणबाईंचा चेहरा बाहेर आला, केस तोंडावर चिकटलेले, आणि त्यांनी जो श्वास ओढला त्याचा आवाज मला धुळीतसुद्धा ऐकू आला. मी त्यांचं मनगट पकडलं आणि नावेच्या काठाशी धरून ठेवलं. तेवढ्यात प्राध्यापकांची होडी पोचली.

वारा आला तसाच गेला. काठावर चहा मांडला होता. डॉक्टरीणबाई सतरंजी लपेटून खुर्चीत बसल्या होत्या आणि थरथरत का होईना बोलत होत्या. डॉक्टर मात्र मामांपाशी होते. मामा शेडच्या खांबाला टेकून बसले होते, ओठ निळसर, आणि त्यांच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता. इंजेक्शन दिल्यावर तो हळूहळू कमी झाला.

“तू काहून उतरला गा?” कॅप्टनसाहेब त्यांच्यावर खेकसले, पण खेकसण्यात जीव नव्हता. “मरायचं होतं का? पोरगी होती ना?”

मामांना बोलायला वेळ लागला. “मीच जवळ होतो, साहेब. बाईनं नाव सांभाळली. नाई तं आमी दोघंबी गेलो असतो.”

कॅप्टनसाहेबांनी माझ्या खांद्यावर थाप मारली आणि चहाकडे गेले. मी मामांपाशी खाली बसले. ओली माती सलवारीला लागत होती.

“मामा, तुम्ही सांगितलं का नाही?”

“मी काय सांगू? ते तुमचं हाये. तुमी सांगाचं.” ते श्वासासाठी थांबले. “पुढल्या इतवारी लेकरं येऊन राहिले. वीस जन. मले आता नाई उतरता येनार, बाई. आज झालं ते झालं.”

एवढंच बोलून त्यांनी डोळे मिटले. ते माझ्यावर रागावले आहेत का, ते मला कळलं नाही. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

तेवढ्यात बाबा स्कूटरवरून आले. धूळ पाहून घाईने निघालेले. कुणीतरी त्यांना फाटकाशीच सगळं सांगितलं असावं, कारण व्हरांड्यात पाय ठेवताना त्यांचा चेहरा फुललेला होता. “आमच्याकडची मुलं पाण्याला भीत नाहीत,” ते चष्मेवाल्याला सांगत होते. डॉक्टरीणबाईंनी मला जवळ बोलावलं, गालावर हात फिरवला. हात अजून गार होता. “मनगट कसं धरलं होतं पोरीनं! पाहा, वळ उठले!” त्यांनी बांगड्या वर सारून सगळ्यांना दाखवले. चार बोटांचे चार लाल पट्टे. ते मनगट मी त्यांना वाचवायला धरलं होतं की स्वतःला सावरायला, हे मला आजही ठरवता येत नाही.

“चला, बातमी लिहून घे, उद्याच जादा पत्रक काढू,” कॅप्टनसाहेब म्हणाले. कुणीतरी माझ्या हातात वही दिली. व्हरांड्यात बारा-पंधरा माणसं, हातात कपबशा. “बचाव पथकाच्या सावधपणामुळे मोठा प्रसंग टळला. तुझं नाव घाल, लाजू नकोस. आणि खाली लिही, पुढच्या रविवारी मुलांच्या कार्यक्रमाला नावेवर हीच जोडी राहील. मुलांच्या आईबापांनाही धीर येईल वाचून.”

मी ‘मोठा प्रसंग’पर्यंत लिहिलं होतं. माझ्या डोळ्यांसमोर ते शीड आलं, आणि त्याखालचा उंचवटा मोठ्या बाईचा नव्हता. मी बाबांकडे पाहिलं. ते कपात फुंकर घालत माझ्याकडे बघून हसत होते. मामा खांबाशी तसेच बसलेले, डोळे मिटून. पाण्याची जितकी वाटली होती, तितकीच भीती त्या क्षणी मला त्या व्हरांड्याची वाटली. वहीतली अक्षरं एकमेकांत शिरायला लागली.

“लिहिलंस का?” कॅप्टनसाहेबांनी विचारलं.

मी पेन्सिल खाली ठेवली. ती व्हरांड्याच्या फरशीवर घरंगळत गेली आणि कुणीतरी ती पायाने अडवली. आवाज निघाला तो माझा वाटला नाही, फार मोठा निघाला.

“साहेब, माझं नाव घालू नका. मामांनी हाक मारली होती, उतर म्हणून. मी उतरले नाही. मला पोहता येत नाही. बाबा, मला कधीच येत नव्हतं. मुलांच्या दिवशी त्या नावेत दुसरं कुणाला तरी बसवा.”